तांडेल सुटला, जपान सावध झाला

शेजाऱ्याशी व्यापार वाढला की वैर आपोआप ओसरते, हा आपल्याकडील विचारवंतांचा लाडका सिद्धान्त आहे. त्यांनी चीन-जपान संबंधांतील २०१० च्या प्रकरणाचे अवलोकन अवश्य करावे. त्या वर्षी ७ सप्टेंबरला सेनकाकू बेटांजवळ चीनच्या एका मासेमारी नौकेने जपानी तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांना धडक दिली. जपानने तांडेलास अटक केली. चीन तेव्हा जपानचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार होता. पण त्या व्यापाराने चीनचा हात आवरला नाही, उलट तेच त्याचे शस्त्र ठरले. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत लागणारी शक्तिशाली चुंबके ज्यांपासून बनतात, त्या दुर्मीळ मृदा धातूंचा जपानकडे जाणारा पुरवठा अकस्मात थांबला. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनच्याच मुठीत होते. बीजिंगने बंदी कधीच मान्य केली नाही. आदेशाचा कागद नाही, पण माल जहाजावर चढत नाही, अशी ही हातोटी! २४ सप्टेंबरला तांडेलाच्या सुटकेचा निर्णय जाहीर झाला.

ही मानहानीच होती. पण जपानने ना बहिष्काराच्या घोषणा दिल्या, ना व्यापार तोडला. २०११ मध्ये जोगमेक ही सरकारी संस्था आणि सोजित्झ ही कंपनी यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीस पंचवीस कोटी डॉलर पुरविले. पुढे धातूंचे भाव कोसळले, लायनास कर्जात रुतली. तरी जपानने हात काढून घेतला नाही, परतफेडीच्या मुदती वाढवून दिल्या. कारखान्यांनी या धातूंचा वापर घटविला. अमेरिका व युरोपीय संघासह चीनविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केलेली तक्रार २०१४ मध्ये जिंकली. चीनवरील अवलंबित्व नव्वद टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या आसपास आले. मुक्ती नव्हे, पण गळ्याभोवतीचा फास सैल झाला.

आणि आपण? २०२० मध्ये गलवानला वीस जवानांनी बलिदान दिले, चिनी ॲपवर बंदी आली; पण २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारातील तूट ९९ अब्ज डॉलरवर पोहोचली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आपले वाहन उद्योजक धास्तावले. वास्तविक केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूत हे धातू आहेत आणि ते काढणारी सरकारी कंपनी १९५० पासूनची आहे! चुंबकांच्या कारखान्यांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना संमत केली, हे स्वागतार्हच. मात्र उद्या चीनने भाव पाडले, तर महाग देशी चुंबक घेण्यास आपले उद्योजक राजी होतील काय? आणि तोट्यातल्या कारखान्यामागे शासन दहा वर्षे उभे राहील काय?