निरोध होता, तर दिवस गेले कसे?

‘निरोध वापरत होतो, मग दिवस गेले कसे?’ नवरे हा प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून मला विचारतात, पण नजर बायकोवर असते. त्या नजरेचा अर्थ तिलाही कळतो आणि मलाही. तपासून घ्यायला आलेली तीच आणि आरोपीही तीच. तालुक्याच्या गावात बायकांचा दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हा प्रश्न ओळखीचा आहे. मला त्याची चीड येते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही.

निरोध किती खात्रीचा, याचं उत्तर कधीचं ठाऊक आहे. शंभर जोडप्यांनी वर्षभर, प्रत्येक संबंधाच्या वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर रीतीने निरोध वापरला तर त्यातल्या साधारण 2 बायकांना वर्षभरात दिवस जातात. माणसं एरवी जसा वापरतात तसा वापरला तर 13 जणींना. काहीच वापरलं नाही तर 85 जणींना. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत आणि गर्भनिरोधनाच्या पुस्तकांत सगळीकडे तेच दिले जातात. म्हणजे नवरा-बायको दोघंही एकमेकांशी इमानदार असताना आणि निरोध न चुकता वापरत असतानासुद्धा गर्भ राहू शकतो. हे त्या नवऱ्याला आयुष्यात कोणी सांगितलेलं नसतं. जाहिरातीतून आणि मित्रांच्या गप्पांतून त्याच्या कानावर एवढंच आलेलं असतं की घातला की काळजी मिटली. मग काळजी मिटली नाही की तो घरात चोर शोधायला लागतो.

हा तेराचा आकडा ऐकलेले लोकही पुष्कळदा चुकीचा वाचतात. शंभर वेळा वापरला तर तेरा वेळा फसतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हिशेब वर्षाचा आहे आणि जोडप्यांचा आहे. वर्षभरात कितीतरी वेळा संबंध येऊनही शंभरातल्या सत्त्याऐंशी बायकांना दिवस जात नाहीत, आणि त्यात अर्धवट, निष्काळजीपणे वापरणारेही धरलेले आहेत.

आता दोन आणि तेरा यांच्यामध्ये जे अकरा आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. या तेरांत ज्या रात्री निरोध वापरलाच नाही त्या रात्रीही मोजलेल्या असतात. पाहणी करणारा विचारतो, तुम्ही काय वापरता? उत्तर येतं, निरोध. मग तो दर वेळी वापरला की नाही, हा प्रश्न न काढता त्या जोडप्याला निरोध वापरणाऱ्यांत धरतात. माझ्यासमोर रोज हेच घडतं. नवरा छातीठोकपणे सांगतो, ‘मॅडम, दर वेळी वापरलाय.’ मी विचारते, अगदी सुरुवातीपासून? थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग, ‘सुरुवातीला नाही, शेवटी शेवटी घालतो ना.’ पाळी झाल्यानंतरचे चार-सहा दिवस? ‘तेव्हा कशाला? ते दिवस सेफ असतात.’ संपला होता तेव्हा? ‘तेव्हा बाहेरच काढलं.’ बाई इतका वेळ खाली बघत असते, ती इथे पहिल्यांदा मान वर करते. हे सगळं तिला आधीपासून ठाऊक होतं. मेडिकलमधून पाकीट आणायचं की नाही, उशाशी ठेवायचं की कपाटात, आज घालायचा की नाही, यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं. दिवस गेल्याचा जाब मात्र तिने द्यायचा.

हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवणारा पडला तर दोष हेल्मेटचा नसतो. निरोधाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘माल खराब होता.’ माल कसा तपासला जातो ते ऐका. कारखान्यात प्रत्येक निरोध विजेवर चालणाऱ्या यंत्रातून जातो आणि भोक असेल तर बाद होतो. प्रत्येक लॉटमधले काही नमुने पाण्याने भरून टांगतात, थेंब झिरपतो का ते बघतात. काहींत फुटेपर्यंत हवा भरतात. नेहमीच्या मापाच्या निरोधात सोळा-अठरा लिटर हवा मावल्याशिवाय तो लॉट पुढे जात नाही. आपल्या औषध नियमांत निरोधाच्या दर्जासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. निरोध फाटतो तो बहुतेक वेळा आपल्या हातून.

पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापलेला, दातांनी किंवा कात्रीने फोडलेला, मुदत उलटून गेलेला निरोध फाटणारच. त्यावर खोबरेल तेल चोपडणारे पुरुष तर मला सतत भेटतात. घरात बाटली असते, हाताशी असते, लावलं. लॅटेक्स म्हणजे रबर आहे, आणि तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांनी ते काही मिनिटांत कमजोर होतं. ओलावा हवा असेल तर पाण्याचं जेल वापरायचं. टोकाची छोटी पिशवी चिमटीत धरून आतली हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा. उलट्या बाजूने टेकवला गेला आणि उलगडेना, तर तो फेकून दुसरा घ्यायचा, पलटून तोच घालायचा नाही, कारण त्यावर वीर्याचा अंश लागलेला असू शकतो. दोन एकावर एक घालायचे नाहीत. आणि काम झाल्यावर लगेच, ताठरपणा असतानाच, बुडाची कडा बोटांनी धरून बाहेर यायचं. पडून राहिलं की निरोध आत सरकतो. ही शेवटची गोष्ट मी सांगते तेव्हा दोन मुलांचे बापही चकित होतात.

कुठे शिकणार होते ते? शाळांमध्ये किशोरवयीनांसाठी लैंगिक शिक्षण आणायचं ठरलं, तर 2007 साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी संस्कृती बुडते म्हणून ते रोखलं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना सांगितलं, निरोधाच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा दाखवू नका. हे त्या देशात घडलं जिथे 1968 साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तेव्हा तो चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून, 15 पैशांना तीन या दराने, पानपट्टीपर्यंत पोचवला होता. आणि हे त्या महाराष्ट्रात घडलं जिथे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, या कामापायी नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्याला नव्वद वर्षं उलटली आणि आमच्या गावचा मेडिकलवाला अजून बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबतो, मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो. पाकिटातला सूचनांचा कागद वाचायला मुळात बाहेर तरी काढतो कोण? तो घाईघाईने बोळा होऊन कचऱ्यात जातो.

या अज्ञानाचा फायदा उठवणारेही आहेत, आणि त्यांत माझ्या पेशातले लोक आहेत. ‘निरोधाचा काही भरवसा नाही, दोन झाली ना, ऑपरेशन करून टाक’, हे वाक्य बाळंतिणीला खाटेवर ऐकवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत भारतातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्क्यांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्यांनी नसबंदी केली अशा बायका 0.3 टक्के. निरोध वापरणारी जोडपी 9.5 टक्के. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, पोट उघडावं लागत नाही, भूल देऊन झोपवावं लागत नाही, तो त्याच दिवशी घरी जातो. तरी टेबलावर चढते बाई. त्याच पाहणीत 35 टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे. अशा पुरुषाच्या हाती निरोध दिला तर आकडा तेरा येणारच, आणि मग तोच आकडा दाखवून बाईला पुन्हा टेबलावर चढवायचं.

ज्या जोडप्याला मूल मुळीच नको आहे, त्याला मी निरोधावर एकट्यावर विसंबू देत नाही. तांबी बसवली तर वर्षाला शंभरातल्या एकीहूनही कमी बायकांना दिवस जातात. पण तांबी गुप्तरोग आणि एचआयव्ही अडवत नाही, निरोध बऱ्याच अंशी अडवतो, म्हणून दोन्ही बरोबर वापरायला काहीच हरकत नाही. आणि निरोध फाटला किंवा सरकला, तर सकाळची वाट बघत, देवाला हात जोडत बसायचं नाही. 72 तासांच्या आत घ्यायची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईकडेही मागता येते. जितकी लवकर घ्याल तितकी ती जास्त लागू पडते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची. निरोधाच्या प्रत्येक पाकिटावर गोळीचं आणि तांबीचं अशी ही दोन वाक्यं ठळक मराठीत छापायला काय अडतं?

तरीही पाळी चुकलीच, तर कायदा बाईच्या बाजूने आहे. गर्भनिरोधक फसणं हे गर्भपाताचं वैध कारण 1971 च्या कायद्यातच होतं. तेव्हा ते फक्त विवाहितेला लागू होतं, 2021 च्या दुरुस्तीने ते ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. म्हणजे संसदेला पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं की निरोध, गोळी, तांबी यांतलं काहीही फसू शकतं आणि त्यात बाईचा गुन्हा नाही. ते तिच्या नवऱ्याला कळलेलं नाही, सासूला नाही, आणि दुःख याचं की कित्येक दवाखान्यांनाही नाही. तिथे अजून आधी विचारतात, ‘मिस्टर कुठेत? त्यांची सही लागेल.’ लागत नाही. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने कुठेही मागितलेली नाही. ही सही मागणाऱ्यांनी किती बायकांना चार-चार आठवडे ताटकळवलं, आणि त्यातल्या किती जणी मग कुणा भोंदूकडे जाऊन रक्ताच्या थारोळ्यात माझ्याकडे आल्या, हे मी बघितलेलं आहे. ज्या बाईला असं परत पाठवतात तिने फॉर्म पुढे करणाऱ्याला सरळ विचारावं, ही सही कुठल्या कलमाखाली मागता ते लिहून द्या. आणि त्याने लिहून दिलं नाही, तर तिने माझ्याकडे यावं, एकटीने.