पडीक जमीन रिकामी नसते



नांगर न लागलेल्या जमिनीला आपण पडीक म्हणतो. पडीक म्हणजे बिनकामाची, असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. का, ते एका कोळ्यावरून सांगते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हासाठी मैलोनमैल रान तोडलं गेलं. मध्ये कुठेकुठे रानाचे तुकडे राहिले. नॉर्थ बंगुल्ला नावाच्या अशाच एका राखीव रानात बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ पासून कोळ्यांच्या बिळांना नंबर देऊन अभ्यास केला. हा कोळी जमिनीत बीळ खणतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि वर झाकण बसवतो. तोंडाभोवती काड्या मांडतो. किडा काडीला लागला, की आत कळतं. मग झाकण उघडून झडप घातलीच म्हणून समजा!

सोळा नंबरच्या बिळात एक मादी होती. या जातीची मादी जन्मभर एकाच बिळात राहते. ही ४३ वर्षं जगली! २०१६ साली तिच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं. ते गांधीलमाशीने पाडलं असावं, असं शास्त्रज्ञ म्हणतात.

आता विचार करा. एवढ्या वर्षांत ती जागा एकदा जरी नांगरली असती तर? पिल्लंही फार लांब जात नाहीत, जवळपासच बिळं करतात. म्हणजे जागा गेली की सगळं गोतच गेलं.

कोणी म्हणेल, कोळ्यासाठी जमीन सोडली तर खायचं काय? खरं आहे. आमचं घरही शेतीवरच चालतं. शेत नांगरावंच लागतं. पण बांधाची कड, ओढ्याची दरड इथे नांगर चालतच नाही. सातबाऱ्यावर अशा जागेला पोटखराबा म्हणतात. तिथे उगाच आग का लावायची? माती का खरवडून न्यायची? झाकणाच्या बिळात राहणारे कोळी आपल्या सह्याद्रीतही आहेत. झाकण मातीच्याच रंगाचं, म्हणून दिसत नाही एवढंच.

म्हणून पालकांनो, तेवढी कड तरी राखा. आणि मुलांनो, असं झाकण दिसलं तर बघा, पण काडी घालू नका. ते कुणाचं तरी जन्माचं घर असतं.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी