सरायवाल्याचे दोन दिनार

१२ मे, परिचारिका दिन. मिस्सानंतर आपण परिचारिकांना वेदीपुढे बोलावतो, गुलाब देतो, देवदूत म्हणतो. (मीही म्हटले आहे.) देवदूताला झोप लागत नाही, पगार लागत नाही, ते सोयीचे पडते.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ही सेवा आपण प्रवचनांतून सांगतो. परंतु त्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संपही केला होता, हे कोणत्या प्रवचनात ऐकलेत?

आज बोरिवली-मुलुंडच्या आपल्याच घरांतील मुलगी रात्रपाळीहून परतते ती मुकी होऊन. दोन खाटांवरून एकाच क्षणी हाक आली. ती एकीकडे धावली, दुसरा रुग्ण एकटाच गेला. योग्य काय ते तिला ठाऊक होते. करू देण्याइतकी माणसेच पाळीवर नव्हती. ही टोचणी ती पाप समजून वागवते आणि आपण तिला जपमाळ करायला सांगतो. जपमाळ जरूर करावी. पण पाप माणसे कमी नेमून पैसा वाचविणाऱ्यांचे. क्षमा तिने का मागावी?

दयाळू शोमरोन्याने जखमीला सरायवाल्याच्या हवाली करताना दोन दिनार मोजले, वरचा खर्च परतताना फेडण्याचे वचन दिले. आपण जखमी दारात ठेवून स्तोत्र गात पुढे जातो. मिशन रुग्णालयांच्या विश्वस्तांपैकी काही आपल्याच बाकांवर बसतात. येत्या रविवारी त्यांना विचारा : रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा?