जायचं तिकीट आहे, यायचं कुठंय?

परवा पुन्हा तेच. खो-खोच्या पोरी बाहेरच्या राज्यात स्पर्धेला निघाल्या. हार, नारळ, भाषणं, बॅनर धरून फोटो. फोटो मीही काढला, कामच ते माझं. सोबतच्या सरांना बाजूला घेऊन विचारलं, परतीचं रिझर्व्हेशन? सर ओशाळं हसले. "जातानाचं कन्फर्म आहे. येताना बघू."

हे "येताना बघू" मी या जिल्ह्यात वीस वर्षं ऐकतोय. म्हणून आज एका बोटीची गोष्ट सांगतो. धाराशिवला समुद्र नाही हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका.

नौदलाकडे तारिणी नावाची शिडाची बोट आहे. ५६ फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. २ जानेवारी २०२३ ला ती केपटाउन ते रिओ या शर्यतीत उतरली. दक्षिण आफ्रिकेतून निघायचं, अख्खा अटलांटिक ओलांडून ब्राझील गाठायचं. साधारण ३,६०० सागरी मैल.

बातम्या शर्यतीच्या आल्या. पण तारिणी गोव्यातून निघाली होती १७ नोव्हेंबर २०२२ ला आणि परत आली मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात. १८८ दिवस, १७,००० सागरी मैल. म्हणजे पाचातले जवळजवळ चार हिस्से शर्यत नव्हतीच. ते होतं सुरुवातीच्या रेषेपर्यंत जाणं आणि बोट घरी आणणं.

आणि आणणं जास्त अवघड. रिओकडे जाताना आग्नेयेचं वारं पाठीशी असतं. येताना तेच तोंडावर. खळ्यावर उफणणी केलेल्या माणसाला सांगायला नको, वाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची बोट चालतच नाही, नागमोडी न्यावी लागते आणि अंतर कुठल्या कुठं वाढतं. मग आधी दक्षिणेला, थंडीत आणि मोठ्या लाटांत उतरायचं, तिथलं पश्चिमेचं वारं पकडायचं, तेव्हा कुठं आफ्रिका. त्यापुढं आख्खा हिंदी महासागर, तोही आपल्याकडचा पावसाळा लागायच्या आत. शीड झिजलेलं, माणसं दमलेली, टाळ्या कधीच संपलेल्या.

जगातले पैसेवाले बोटमालक शर्यत संपली की विमानानं घरी जातात. बोट आणायला वेगळी पगारी माणसं असतात, नाहीतर ती मालवाहू जहाजावर चढवतात. काहीही असो, तो खर्च आधीच धरलेला असतो. "येताना बघू" म्हणून अटलांटिकमध्ये कुणी शिरत नाही.

कॅप्टन अतुल सिन्हांच्या त्या मोहिमेत दिलना आणि रूपा या दोन महिला अधिकारी होत्या. पुढं ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये या दोघींनीच तारिणीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १७,००० मैलांचा सगळा प्रवास, परतीसकट, नौदलानं तयारीत धरला होता. आणि २०१८ ला गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. तेव्हा फ्रेंच गस्ती नौकेनं त्यांना उचललं आणि विशाखापट्टणमला आणायला आपली आयएनएस सातपुडा गेली. बोट तिथंच समुद्रात राहिली. राहू दे. माणूस घरी आला.

आता आपल्याकडं या. हा सारिका काळेचा जिल्हा आहे, खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी पोरगी. भाषणात तिचं नाव घेतल्याशिवाय इथं एकही पुढारी खाली बसत नाही. आणि त्याच जिल्ह्यातल्या पोरी पदक घेऊन येताना जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी, किटबॅगवर बसून येतात. मी स्वतः रात्री अडीचला सोलापूर स्टेशनवर अशा संघाला भेटलोय. एकीच्या घोट्याला क्रेप बँडेज, चषक ज्वारीच्या पोत्यात गुंडाळलेला. पुढं गावापर्यंत जायला गाडी नव्हती. पाठवणारे झोपले होते. (संस्थेचं नाव विचारू नका, प्रश्न एका संस्थेचा नाही.)

कुणी म्हणेल, दुष्काळी जिल्हा, पैसे कुठून आणायचे? अहो, निरोप समारंभाचा मंडप, डिजिटल बॅनर आणि शालींना पैसे कुठून येतात? त्या दिवशीच्या शालींत बारा पोरींची स्लीपरची तिकिटं आली असती. आणि ही सवय आपली सगळ्यांचीच. कोजागिरीला तुळजापूरला पायी येणाऱ्याला वाटेभर केळी आणि चहा. परत निघालेल्याला एसटीत उभं राहायला जागा नाही, आणि त्याला कुणी विचारत पण नाही.

मागणी एकच. संघ पाठवायच्या मंजुरीच्या कागदावर परतीचं कन्फर्म तिकीट आणि स्टेशनपासून घरापर्यंतची गाडी लिहिलेली पाहिजे. नसेल तर मंजुरी अपुरी समजा. पालकांनो, सही करायच्या आधी हे विचारा. शिक्षकांनो, भीड सोडा.

पोरी रविवारी निघतील परत. कोणत्या गाडीनं, ते अजून ठरलेलं नाही. मी सोलापूर स्टेशनवर जाणार आहे, कॅमेरा घेऊन. त्या दिवशी हार घालायला आलेल्यांपैकी कोण कोण येतंय सांगा, माझ्या गाडीत तीन जागा आहेत.