गझनीत लिहिलेली दिवाळी

दीपावलीचा अंक वाचकांच्या हाती देताना आरंभी काय लिहावे, हा विचार प्रतिवर्षी भाद्रपदापासूनच आम्हांला घेरू लागतो. यंदा तो एका दूरच्या स्थळी जाऊन स्थिरावला. अल्बेरुनी या पंडिताने सुमारे 1030 साली गझनी येथे हिंदुस्थानाविषयी जो अरबी ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या 80 प्रकरणांपैकी सणावारांच्या प्रकरणात आपली दिवाळी नांदते आहे. लोक स्नान करून उत्तम वस्त्रे परिधान करतात, परस्परांना विड्याची पाने व सुपारी देतात, देवालयांत जाऊन दानधर्म करतात, मध्यान्हापर्यंत आनंदाने खेळतात आणि रात्री ठायी ठायी इतके दीप उजळतात की सारे अंतराळ निवळून जाते, असे तो लिहितो; आणि विरोचनपुत्र बळीला लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी सप्तपाताळातील कैदेतून मुक्त करते म्हणून या सणास बळिराज्य म्हणतात, ही कथाही तो नोंदवून ठेवतो. बळीचे राज्य यावे असे म्हणत जेथे आजही ओवाळले जाते, तेथील वाचकाला हे वाचताना आपल्याच अंगणातली पणती कोणी परमुलखातील कोनाड्यात हजार वर्षे तेवत ठेवली होती, असे वाटल्यावाचून राहणार नाही.

हा पुरुष 973 साली मध्य आशियातील ख्वारज्म प्रांतातील काथ नगरीजवळ जन्मला. फारसीत बीरून म्हणजे बाहेर. नगराच्या बाहेरील वस्तीतला म्हणून बेरुनी, असा त्या नावाचा अर्थ लावतात. गणित व ज्योतिष यांचे धडे त्याने अबू नस्र मन्सूर या श्रेष्ठ गणितज्ञापाशी घेतले. ऐन तारुण्यात राज्यक्रांतीमुळे देशत्याग करावा लागला, तरी परत येऊन 997 च्या चंद्रग्रहणाचा वेध त्याने काथ येथे आणि ज्योतिषी अबुल वफा याने बगदादेत घेऊन दोन नगरांमधील रेखांशांचे अंतर काढलेच. पुढे 1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमुदाने ख्वारज्म जिंकले, आणि चव्वेचाळीस वर्षांचा हा विद्वान विजेत्याच्या इतर लुटीबरोबर गझनीस नेला गेला.

ज्याच्या फौजा हिंदुस्थानावर स्वाऱ्या करीत होत्या, त्याच्याच आश्रयाखाली राहून, ज्या लोकांवर त्या स्वाऱ्या होत होत्या त्यांची भाषा त्या वयात शिकण्यास बसणे, याला केवळ जिज्ञासा म्हणून भागणार नाही. एकाच वस्तूला अनेक नावे, एकाच नावाचे अनेक अर्थ, परक्या जिभेला न पेलणारे उच्चार आणि लेखकांच्या हलगर्जीने बिघडलेल्या पोथ्या, अशी संस्कृतविषयीची आपली गाऱ्हाणी त्याने मोकळेपणाने मांडली आहेत. तरीही पोथ्यांचा संग्रह करताना त्याने श्रम पाहिले नाहीत की द्रव्य पाहिले नाही. आपल्या ज्योतिषांपुढे तो आधी शिष्य म्हणून बसला. सांख्य व पातंजल योग यांवरील ग्रंथ त्याने अरबीत नेले, आणि युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत आणण्याचा प्रयत्नही केला. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची मोजून, त्याच्या माथ्यावरून क्षितिज समपातळीच्या किती खाली दिसते तो 34 कलांचा कोन त्याने घेतला, आणि एवढ्या दोन अंकांवरून पृथ्वीची त्रिज्या गणिताने काढली. दक्षिणेस तो कधी आला नाही. पण नर्मदेपलीकडील मराठ्यांचा देश आणि समुद्रतीरावरील ठाणे ही कोकणाची राजधानी त्याच्या वर्णनात आहेत, ती बहुधा वाटसरूंच्या तोंडून ऐकलेली.

आम्हांला त्याचे सर्वांत मोठे वाटते ते त्याचे निर्भय लेखन. महमुदाने या देशाच्या समृद्धीचा विध्वंस केला, येथील माणसे धुळीच्या कणांप्रमाणे दाही दिशांना विखुरली, आणि म्हणूनच येथील शास्त्रे जिंकलेल्या मुलखातून उठून काश्मीर व काशी गाठती झाली, हे त्याने गझनीत राहून लिहिले. त्याच लेखणीने आपला दोषही दाखविला: आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे शास्त्र नाही, या समजुतीने आपण कोणास काही सांगत नाही व कोणाचे ऐकत नाही, आपले पूर्वज मात्र इतके संकुचित नव्हते. हे वाचून आम्हांस राग आला नाही. दुःख झाले, आणि ते वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. परक्याच्या श्रद्धा खोडून न काढता जशा ऐकल्या तशा मांडण्याची प्रतिज्ञा त्याने ग्रंथारंभी केली होती, आणि ज्याने ती पाळली त्याच्या तोंडून आलेला ठपका दरबारी भाटाच्या स्तुतीहून आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

सुमारे 1048 साली गझनीतच त्याचा अंत झाला. त्याच्याविषयी असे सांगतात की वर्षभर त्याच्या हातून लेखणी सुटत नसे आणि डोळे ग्रंथावरून ढळत नसत. अपवाद दोनच दिवसांचा, वसंतातला नवरोज आणि शरदातला मिहरगान. सूर्य तूळ राशीत असताना येणाऱ्या आपल्या दिवाळीची नोंद पुरी करून त्याने कागद वाळत ठेवला असेल, तेव्हा गझनीच्या थंडीत त्याच्या मेजावर एकच दिवा असावा.