पत्र्याचा टप नको, ताडपत्रीच बरी

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या एका मित्राने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट समोर ठेवली. उघड्या टपाची गाडी घ्यायचीय म्हणे. अरे वा! म्हटलं, चाळिशीच्या आत सुचलं हेच खूप. मग शीट बघितली आणि घास घशातच अडकला. बारा कॉलम. सीट किती, डिकी किती लिटरची, मायलेज, रिसेल, पाऊस आला तर काय, आई-बाबा सहा महिने राहायला आले तर काय... प्रत्येक कॉलमला वेटेज आणि शेवटी गुणांची बेरीज. पहिल्या तीन नंबरांत चार सीटच्या, पत्र्याचा टप आपोआप घडी होऊन डिकीत जाणाऱ्या गाड्या. माझदाची मियाता नववी.

"दोनच सीट रे, आणि वर ताडपत्री," मित्र म्हणाला.

मी तिथेच भांडलो. कँटीनमधली शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली, तेव्हा बायको म्हणते तसं "ब्लॉगवर लिही आणि मोकळा हो" आठवलं. म्हणून हे.

मुद्दा एका ओळीचा आहे. कन्व्हर्टिबल घ्यायची तर हलकी, दोन सीटची, कापडी टपाची घ्या. ते जमणार नसेल तर घेऊच नका, आहे ती कोरोला चालवा. "कन्व्हर्टिबलपण आणि प्रॅक्टिकलपण" अशी जी मधली जात बाजारात आहे, ती दोन्हीकडून फसवते. आणि फसायला नेमके आपल्यासारखे, बारा कॉलम करणारे इंजिनियर्सच पुढे असतात.

एवढ्या तावातावाने लिहायचा अधिकार मला कसा मिळाला तेही सांगून टाकतो. अशीच शीट काही वर्षांपूर्वी मी स्वतः केली होती, दुसऱ्या एका मित्रासाठी. त्याला खरं तर लाल रंगाची छोटी टू-सीटर हवी होती. मीच त्याला समजावलं, की बाबा रे, पुढेमागे मूल होईल, सामान न्यावं लागेल, टप पत्र्याचा असेल तर चोरापासूनही बरं. त्याने चार सीटची, पत्र्याच्या टपाची सेकंडहँड गाडी घेतली. कुठली ते सांगत नाही, कारण दोष त्या कंपनीचा कमी आणि माझा जास्त. वॉरंटी संपल्यावर चौथ्याच महिन्यात सनीवेलच्या एका इंडियन ग्रोसरीसमोर तो टप अर्धा उघडून तसाच उभा राहिला. धड आत नाही, धड बाहेर नाही. डिकीचं झाकण आकाशाकडे, आणि खाली कणकेची वीस पौंडांची पिशवी. वहिनी उबर करून घरी गेल्या. दुरुस्तीचा आकडा ऐकला तेव्हा तो गाडीच्या उरलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता. त्याने केली दुरुस्ती. पण त्यानंतर टप उघडलाच नाही. पुन्हा अडकेल या धास्तीने दोन वर्षं ती गाडी बंद टपानेच चालवली आणि शेवटी पडेल भावात विकली. मला तो एका शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता जरा इंजिनियरिंग. बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि दोन टोकं धरून पिळायचा प्रयत्न करा. पिळत नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा. लगेच वाकडा होतो. बंद गाडीचा टप हे असं झाकण असतं, सांगाड्याच्या ताकदीतला भागीदार. तो कापून टाकला की खड्ड्यावरून जाताना सगळी गाडी थरथरते, स्टिअरिंग आणि आतला आरसा थडथडतो. त्यावर उपाय म्हणून खालच्या सांगाड्याला जादा पोलाद लावतात, म्हणजे वजन वाढतं. गाडी जेवढी लांब तेवढं पिळणं जास्त, म्हणजे पोलादही जास्त. त्यात तीन-चार-पाच तुकड्यांचा पत्र्याचा टप, तो उचलायला हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, सेन्सर, लॅच. फोक्सवॅगनच्या इऑसचा टप तर पाच तुकड्यांचा होता आणि त्यात वर सनरूफसुद्धा! बघायला मजा येते, मान्य. मीही शोरूममध्ये तोंड उघडं ठेवून बघत उभा राहिलोय. पण सेदानची कापून केलेली अशी गाडी दीड टनाच्या वर जाते. आजची मियाता हजार-साडेदहाशे किलोंच्या आसपास. सुरुवातीपासून बिनटपाची म्हणूनच आखलेली असल्याने तिला नंतर ठिगळं लावावी लागली नाहीत.

हे माझं एकट्याचं तत्त्वज्ञान नाही. ज्यांनी पत्र्याचे टप विकले तेच मागे फिरलेत. अमेरिकेत फोर्डने १९५७ मध्ये स्कायलायनर नावाची पत्र्याचा टप डिकीत गिळणारी गाडी काढली, १९५९ मध्ये बंद केली. मग १९९६ मध्ये मर्सिडीजच्या एसएलकेने ती फॅशन परत आणली आणि पुढची पंधरा वर्षं ज्याला त्याला पत्र्याचा टप हवा झाला. बीएमडब्ल्यूची झेड-फोर २००९ मध्ये पत्र्याच्या टपाची झाली, २०१८ मध्ये पुन्हा कापडावर आली. त्यांच्याच फोर सिरीजने २०२० मध्ये पत्रा सोडून कापड घेतलं, आणि नवा टप जुन्यापेक्षा ४० टक्के हलका असल्याचं कंपनीनेच सांगितलं. मर्सिडीजची थोरली एसएल २००१ पासून पत्र्याची होती, ती २०२१ मध्ये कापडी झाली. इऑस २०१५ ला आटोपली, व्होल्वोची सी-सेव्हन्टी त्याच्याही आधी. आणि आमची शीट अजून पत्र्याला दहापैकी नऊ गुण देतेय!

बरं, त्या मागच्या दोन सीट. या गाड्यांत टप उघडल्यावर मागून वारा उलटा फिरून मानेवर येतो. तो अडवायला जाळीचा पडदा मिळतो. तो कुठे लावतात माहितेय? मागच्या सीटवर. म्हणजे पडदा लावला की मागे कोणी बसू शकत नाही, आणि मागे कोणी बसलं की पडदा लावता येत नाही. ज्यासाठी पाचशे किलो जास्तीचे ओढायचे त्या सीटचा उपयोग काय, तर ऑफिसची बॅग ठेवायला. आई-बाबांचं म्हणाल, तर आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, "वरातीची आहे का?" ती त्यात मागे बसेल हे विसरा. ती आली की सीआर-व्हीच काढायची असते, जी तुमच्या घरी आधीच उभी आहे.

डिकीचीही तीच गत. शीटमध्ये लिहिलेले लिटर हे टप बंद असतानाचे. टप उघडला की तो सगळा डिकीत जाऊन बसतो आणि तिथे जेमतेम दोन पिशव्या उरतात. मियाताची डिकी १३० लिटर, हास्यास्पद आहे, कबूल. पण टप उघडा असो वा बंद, १३० ती १३०च, कारण कापड घडी होऊन सीटच्या मागे जातं. हाफ मून बेला दोन दिवस जायला तेवढी पुरते. आयकियात जायला पुरत नाही. आयकियात कन्व्हर्टिबल घेऊन जाणाऱ्याला मी मित्र म्हणत नाही :-)

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. २००६ ते २०१५ च्या पिढीतल्या मियातालाच पत्र्याच्या टपाचा पर्याय होता. त्यात वजन साधारण ३५ किलोच वाढलं आणि डिकीही कमी झाली नाही. म्हणजे पत्रा वाईट नाही, पत्र्याच्या नावाखाली सेदानचं सोंग वाईट आहे.

आता हॉर्सपॉवरवाले. "एवढे पैसे घालून मस्टँग का नको?" मस्टँग मस्त आहे, आवाज तर काय विचारू नका. पण वुडसाईडहून ८४ नंबरचा रस्ता ला होंडाकडे जातो तिथे कुठल्या वळणावर तुम्ही ४०० हॉर्सपॉवर काढणार आहात? २०१९ पासूनच्या मियाताला अमेरिकेत १८१ हॉर्सपॉवर मिळतात, आणि त्या रस्त्यावर त्या सगळ्या कायदा फारसा न मोडता वापरता येतात. मस्टँगच्या निम्म्या शिळ्या होतात.

सुरक्षेचं विचाराल तर प्रश्न रास्त आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२० मध्ये कन्व्हर्टिबलची तुलना त्याच गाड्यांच्या बंद आवृत्त्यांशी केली होती. मैलांमागे ड्रायव्हर दगावण्याचं प्रमाण कन्व्हर्टिबलमध्ये ११ टक्क्यांनी कमी निघालं. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम म्हणण्याइतका नव्हता, त्यामुळे "उघडी जास्त सेफ" असं कोणी म्हणू नये. पण "उघडी म्हणजे मृत्यूचा सापळा" हेही बंद करा. सीटबेल्ट मात्र लावायचाच.

आणि रिसेल! आपल्या शीटमधला सगळ्यात जाड कॉलम. मला माहितेय तो कुठून येतो. ग्रीन कार्डची रांग, आज ना उद्या परत जायचंय, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचाय... म्हणून सोफा क्रेगलिस्टवर जाईल असा, आणि गाडी टोयोटा नाहीतर होंडा, चंदेरी. मी अकरा वर्षं असाच राहिलो. या भीतीला मी हसत नाही. पण भीतीचंच गणित करायचं तर तेही नीट करा: पंधरा वर्षं जुनी, नीट राखलेली मियाता जेवढी उतरायची तेवढी बरीचशी उतरून झालेली असते. नव्या गाडीची किंमत पडते तशी ती पडत नाही. हायड्रॉलिक पंपाची जुनी लक्झरी गाडी मात्र रोज थोडी थोडी पडते, आणि मग एक दिवस ग्रोसरीसमोर एकदम पडते.

मियाताचे दोष? आहेत ना. सहा फुटांच्या वर असाल तर आधी बसून बघा, टप लावून, कारण डोकं तिथेच टेकतं. १०१ वर ट्रक शेजारी आला की फोनवर बोलणं विसरा. रोज दीड तास फ्रीवेने ऑफिसला जायचं असेल आणि घरी दुसरी गाडी नसेल, तर ही घेऊ नका, मला शिव्या घालाल. जुलैच्या दुपारी टप उघडून फिरणारे भाजून निघतात. या गाडीची खरी मजा ऑक्टोबरनंतर, टप उघडा, काचा वर आणि पायाशी हीटर.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, तुम्ही टपाच्या कडेची पाणी जायची भोकं बघा. ती पानापाचोळ्याने तुंबली की पाणी आत उतरतं आणि खालचा पत्रा गुपचूप गंजतो. सीटच्या मागचा गालिचा हाताने दाबून बघा, ओला लागला किंवा कुबट वास आला तर निघा. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर ती पिवळी पडलेली असणारच. १९९८ नंतरच्या पिढीत खरी काच आली. टप स्वतःच्या हाताने निदान चारदा उघडा-मिटा. मग टप उघडा ठेवून रेल्वे फाटकावरून न्या आणि आतल्या आरशाकडे लक्ष द्या.

मित्राने काल रात्री मेसेज केला, शीटमधून चार कॉलम उडवलेत. रविवारी सकाळी फ्रीमाँटला २००८ सालची एक बघायला जातोय, कापडी टप, हाताचे गिअर. मालक म्हणतो पाणी अजिबात येत नाही. मी बादली घेऊन जाणार आहे.