दवाखान्यातील सरकारी कान
(ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र)

मा. मंत्रिमहोदय,
आरोग्य व सामाजिक सेवा खाते, लंडन यांस



आपल्या देशाचा मी नागरिक नाही आणि आपल्या खात्याच्या कारभारात लक्ष घालण्याचा कायदेशीर अधिकारही मला नाही. परंतु ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांनी जी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली, तिचा भार ज्या परदेशस्थ डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी वाहिला त्यांत आमच्या मुंबई-पुण्याकडून गेलेली माणसेही आहेत, आणि त्या सेवेचे बरेवाईट हा इकडच्या अनेक कुटुंबांच्या आस्थेचा विषय आहे, एवढ्या नात्याने हे पत्र लिहिण्याची मुभा मी घेत आहे.

विषय आपल्या परिचयाचा आहे. २०१५ च्या दहशतवादविरोधी व सुरक्षा कायद्याच्या २६व्या कलमाने, माणसे दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याकडे यथोचित लक्ष पुरविण्याचे कर्तव्य इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमधील शाळा, विद्यापीठे, तुरुंग आणि स्थानिक शासनसंस्था यांच्याबरोबर रुग्णालयांवरही सोपविले, आणि रुग्णालयांसाठी १ जुलै २०१५ पासून त्याचा अंमल सुरू झाला. 'प्रिव्हेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धोरणाचे कायदेशीर बंधन संस्थेवर आहे, व्यक्तीवर नाही, हे खरे; पण संस्थेने ते प्रशिक्षणाच्या सक्तीतून आपल्या नोकरवर्गावर उतरविले, आणि ज्या परिचारिकेचे काम आजवर रुग्णाची नाडी व मन राखण्याचे होते तिला त्याच्या बोलण्यातून भावी अपराधाची चाहूलही घ्यावी अशी ताकीद मिळाली.

राज्यकर्त्यांची चिंता अनाठायी आहे असे मी म्हणत नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बावन्न निरपराध माणसे आणि २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमध्ये बावीस माणसे ज्या देशाने गमावली, त्याच्या सरकारने प्रतिबंधाचा विचारच करू नये असा उपदेश केवळ बेजबाबदार मनुष्यच करील. माझा प्रश्न वेगळा आणि मर्यादित आहे : या प्रतिबंधाचा दवाखान्यातील विश्वासावर काय परिणाम झाला, हे आपल्या खात्याने कधी नीट विचारले आहे काय, आणि ज्यांनी ते विचारले त्यांचे म्हणणे आपल्या दप्तरात कोणत्या फडताळात जाऊन पडले आहे?

कारण विचारणारे होते. वॉरिक विद्यापीठाच्या शार्लट हीथ-केली आणि एर्झेबेट स्ट्राउझ यांनी आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांची पाहणी केली, रुग्णांच्या संरक्षणाची व्यवस्था पाहणाऱ्या जाणकारांच्या मुलाखती घेतल्या, आणि सरकार ज्यास दुर्बलांचे संरक्षण म्हणते ते खरोखर संरक्षण आहे काय, याविषयी त्या क्षेत्रातील माणसांचेच एकमत नाही हे दाखवून दिले. हा मतभेद शब्दच्छलाचा नव्हे. २०१४ चा केअर कायदा संरक्षणाच्या कर्तव्यासाठी तीन अटी घालतो : व्यक्तीला काळजीची व आधाराची गरज असावी, तिचा छळ वा हेळसांड होत असावी किंवा तसा धोका असावा, आणि त्या गरजेमुळेच ती स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ असावी. धडधाकट, कमावता, आपल्या राजकीय मतांविषयी संतप्त असा गृहस्थ या अटींत बसत नाही. तरीही त्याच्या नावाची खबर त्याच खिडकीवर, त्याच नमुन्यात आणि त्याच दयाबुद्धीच्या भाषेत दिली जावी असा शिरस्ता पडला, आणि संशयाला काळजीचा पोशाख मिळाला.

त्याहून अस्वस्थ करणारे काम तारेक युनिस आणि सुश्रुत जाधव यांचे आहे. प्रिव्हेंटचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांना त्यांनी बोलते केले, आणि त्यांतील कित्येकांनी, विशेषतः मुसलमान कर्मचाऱ्यांनी, त्या वर्गात आपण मनातली शंका बोलून दाखविली नाही, कारण शंका घेणाराच संशयित ठरेल असे भय वाटले, अशी कबुली दिली. ज्या खोलीत धोरणावरील आक्षेप उच्चारण्याचे धैर्य होत नाही त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या हजेरीपटाला संमतीचा दाखला मानणे, हा प्रशासनाचा भोळेपणा तरी असावा किंवा सोय तरी.

यावर आपले सचिव सांगतील की असल्या संशोधनात मोजकी माणसे असतात, ती बहुधा स्वतःहून बोलावयास येतात, संशोधकांचा कल आधीच धोरणाविरुद्ध असतो, आणि अशा जबान्यांवरून राष्ट्राचे धोरण ठरविता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. मुलाखत किती जणांस तसे वाटते हे सांगत नाही. ते का व कसे वाटू लागले, हे सांगते. परंतु हाच निकष आपल्या सरकारने स्वतःस लावला होता काय? माणूस अतिरेकाकडे झुकत आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी प्रिव्हेंटखालील 'चॅनल' या योजनेत जी बावीस लक्षणांची यादी बरीच वर्षे वापरली गेली, ती तुरुंगातील शिक्षा झालेल्या थोड्या अपराध्यांशी झालेल्या संवादातून, म्हणजे अशाच गुणात्मक अभ्यासातून सिद्ध झाली होती, आणि तिचा शास्त्रीय आधार विद्वानांच्या परीक्षणासाठी खुला करावा अशी मागणी रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्स या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेला २०१६ साली करावी लागली. कैद्यांशी केलेले थोडे संभाषण दवाखान्यातील बेड्या नसलेल्या माणसांना लावण्यास पुरते, पण त्याच दवाखान्यातील डॉक्टरांचे संभाषण धोरण तपासण्यास पुरत नाही, हा न्याय कोणत्या तराजूत बसतो?

आपले खाते आकडे मोजते, आणि गृहखातेही मोजते. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये ६,९२२ खबरा प्रिव्हेंटकडे गेल्या आणि त्यांतील सुमारे सात टक्केच चॅनलने हाती घेतल्या. जे आले, ज्यांची नावे लिहिली गेली, ते मोजता येतात. ज्याने मानसोपचारतज्ज्ञापाशी आपल्या रागाविषयी बोलणे टाळले, जिने मुलाला दवाखान्यात नेणे पुढे ढकलले, ते कोणत्याच रकान्यात येत नाहीत. या धोरणाचे नुकसान हे मुख्यतः अनुपस्थितीचे नुकसान आहे, आणि अनुपस्थितीची रुजुवात करावयाची तर माणसांकडे जाऊन, त्यांना अभय देऊन, त्यांचे ऐकावेच लागते.

आम्हा पुणेकरांना हे पुस्तकांतून शिकावे लागले नाही. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घराघरांची झडती सुरू केली, तेव्हा हेतू रोगनिवारणाचाच होता. पण लोकांनी आपले आजारी लपविले, आणि जो रोग उजेडात आणावयाचा तोच काळोखात गेला. त्या कारभाराचा शेवट कसा झाला हे उभय देशांच्या दप्तरांत नमूद आहे. आपल्या आजच्या रुग्णालयात सोजीर नाहीत आणि दोन्ही गोष्टी एका मापाच्या आहेत असा माझा दावा नाही. उपचार आणि पाळत एकाच हाताने होऊ लागली की रुग्ण त्या हातापासून दूर सरतो, एवढा धडा मात्र दोन्हींस सारखाच लागू आहे.

साउथपोर्टचा दाखला आपण द्याल, आणि तो द्यावाच. २९ जुलै २०२४ रोजी तेथे तीन बालिकांचा खून करणाऱ्या तरुणाची खबर त्यापूर्वी तीन वेळा प्रिव्हेंटकडे गेली होती आणि तीनही वेळा प्रकरण बंद झाले. निश्चित विचारसरणी न आढळण्यावर नको तितका भर दिला गेला, असे सरकारी आढाव्यानेच नमूद केले. यावरून आणखी खबरा हव्यात असा निष्कर्ष निघत नाही. खबर पोहोचली होती. उणीव राहिली ती समोरच्या माणसाला समजून घेण्यात. कागदावर बंद झालेल्या प्रकरणात त्या त्या अधिकाऱ्याने काय पाहिले, काय गृहीत धरले आणि कोणत्या भीतीने वा घाईने निर्णय केला, हे कळण्यासाठीही सावकाश केलेल्या मुलाखतींवाचून दुसरा मार्ग नाही.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या खात्याने, गृहखात्याच्या अधीन नसलेल्या विद्वानांकडून, या कर्तव्याचा गुणात्मक अभ्यास करवून घ्यावा. त्यात तज्ज्ञांबरोबर वॉर्डातील परिचारिका, समाजसेवक, खबर गेलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचे म्हणणे घ्यावे. बोलणाऱ्याच्या नोकरीस धक्का लागणार नाही अशी लेखी हमी द्यावी. आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते मूळ पद्धतीसह प्रसिद्ध करावेत. तोवर रुग्णाचे गुपित उघड करण्याची मर्यादा, इतरांच्या जिवाला वा शरीराला गंभीर धोका असल्यास, हीच ठेवावी. आपल्या जनरल मेडिकल कौन्सिलने ती डॉक्टरांस पूर्वीच घालून दिली आहे, आणि खऱ्या संकटात ती पुरेशी आहे. ही विनंती अमान्य करण्यास आपणांपाशी कारणे असतील तर ती सभागृहाच्या पटलावर लेखी ठेवावीत, म्हणजे ज्यांच्या विश्वासावर आपली सेवा चालते त्यांना त्या कारणांची परीक्षा करता येईल.

कळावे,

आपला नम्र,
पुण्याचा एक नागरिक